वेदनाशामक गोळीचे व्यसन आणि मुक्तीची लांब वाट

न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये पर्ड्यू फार्मा या औषध कंपनीच्या तडजोडीच्या आराखड्यास मान्यता दिली. ‘ऑक्सिकॉन्टिन’ या वेदनाशामक गोळीची ही निर्माती. ती आणि तिचे मालक असलेले सॅकलर कुटुंब यांनी मिळून सुमारे ७४० कोटी डॉलर्स अमेरिकेतील राज्ये, स्थानिक संस्था आणि पीडित व्यक्ती यांना द्यावयाचे आहेत. आधीचा आराखडा तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये फेटाळला होता, कारण त्यात पीडितांची संमती न घेताच मालक कुटुंबाला पुढील दाव्यांपासून अभय दिले जात होते. पैशाचा हिशेब आता लागेल. मात्र १९९९ ते २०२२ या काळात अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिसेवनाने त्या देशात सात लाखांहून अधिक माणसे दगावली, त्यांचा हिशेब कोणत्याही न्यायालयात लागणार नाही.

हे सारे चोरवाटेने आलेल्या मादक द्रव्यापासून सुरू झाले नाही, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीपासून सुरू झाले. म्हणूनच आपण त्याकडे नीट पाहिले पाहिजे. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या प्रतिष्ठित नियतकालिकात जानेवारी १९८० मध्ये अवघ्या पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, पूर्वी व्यसन नसलेल्या केवळ चौघांना व्यसन जडल्याचे आढळले, एवढाच त्याचा आशय होता. ही नोंद रुग्णालयात देखरेखीखाली औषध घेतलेल्यांची होती. घरी बसून महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांशी तिचा संबंध नव्हता. तरीही पुढील काळात सहाशेहून अधिक लेखांत त्या पत्राचा हवाला दिला गेला आणि बहुतेकांनी तो ‘या औषधांचे व्यसन क्वचितच लागते’ याचा पुरावा म्हणून दिला. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन बाजारात आली, तेव्हा तिच्या माहितीपत्रकात औषध शरीरात सावकाश शोषले जात असल्याने गैरवापराची शक्यता कमी होते, असे मानले जात असल्याचे नमूद होते. गोळी चिरडली की हा सावकाशपणा संपतो, हे घेणाऱ्यांना लवकरच कळले. दिशाभूल केल्याचा गुन्हा कंपनीने २००७ मध्ये कबूल केला, मोठा दंड भरला आणि विक्री सुरू ठेवली. २०२० मध्ये तिने पुन्हा गुन्हे कबूल केले. दरम्यान गोळ्या मिळणे अवघड झाले, तसे अनेक जण हेरॉइनकडे आणि नंतर बेकायदा फेंटानिलकडे वळले. आज तेथील बहुसंख्य मृत्यू फेंटानिलमुळे होतात.

‘हे अमेरिकेचे झाले, आपले काय?’ असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूवर्गीय पदार्थांचे सेवन करीत होते. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहता हेरॉइन घेणारे १.१४ टक्के, तर औषधी अफूवर्गीय द्रव्ये घेणारे ०.९६ टक्के होते. म्हणजे केमिस्टच्या दुकानात मिळणारी वस्तू हेरॉइनच्या जवळपास जाऊन पोहोचली आहे. ट्रॅमॅडॉल हे औषध एप्रिल २०१८ मध्ये केंद्र शासनाने अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे एनडीपीएसच्या, कक्षेत आणले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने मुंबईतील एका कंपनीचा उद्योग उघडकीस आणला. टॅपेंटाडॉल हे अफूवर्गीय औषध आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू शिथिल करणारे औषध यांच्या मिश्रणाच्या गोळ्या तेथून घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्ट या देशांत जात होत्या आणि तेथील तरुण त्यांच्या आहारी गेले होते. त्यानंतर केंद्रीय औषध नियामकाने त्या मिश्रणाचे उत्पादन आणि निर्यात थांबविली. पर्ड्यूच्या नावाने बोटे मोडताना आपल्या अंगणातील हा कचरा नजरेआड करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. प्रत्येक वेदनाशामक गोळी या प्रकारची नसते. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे मनमानी घेतल्यास यकृत, मूत्रपिंड किंवा जठर बिघडवतात, पण अफूसारखे व्यसन लावत नाहीत. ज्यांच्याविषयी आपण बोलत आहोत, ती मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमॅडॉल, टॅपेंटाडॉल, ऑक्सिकोडोन यांसारखी औषधे होत. खोकल्याच्या काही औषधांतही कोडीन असते.

ही द्रव्ये मेंदूतील ठरावीक ग्राहींना जाऊन चिकटतात. वेदना बोथट होते आणि त्याबरोबर एक उबदार निश्चिंतपणा येतो. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला तो वरदान वाटतो. घरातील कलह, कर्ज किंवा एकटेपणा यांनी पोखरलेल्या माणसाला तो त्याहून मोठे वरदान वाटतो आणि धोका तेथेच आहे. काही आठवड्यांत शरीर औषधाला सरावते; पूर्वी एका गोळीने मिळणाऱ्या आरामासाठी दोन लागतात. मग गोळी चुकली की जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात कळा, जुलाब, हाडे मोडल्यासारखी ठणक आणि झोपेचा अभाव सुरू होतो. व्यसनी मुलांच्या बोलीत याला ‘टर्की’ म्हणतात. आता माणूस वेदनेसाठी नव्हे, तर ही टर्की टाळण्यासाठी गोळी घेऊ लागतो.

शरीराला औषधाची सवय होणे आणि व्यसन लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दीर्घकाळ मॉर्फिन घेणाऱ्या कर्करुग्णाच्या शरीराला त्याची सवय होतेच. पण तो डॉक्टरांना फसवीत नाही, घरातील दागिने विकत नाही, प्रमाणाबाहेर घेत नाही. व्यसनात नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही हात थांबत नाही; इच्छाशक्ती जेथून निघते त्या यंत्रणेलाच आजार जडलेला असतो. म्हणून ‘मनावर घे, सुटेल’ हा उपदेश पाय मोडलेल्याला ‘धाव’ म्हणण्यासारखा ठरतो.

हा भेद न समजल्यामुळे आपल्याकडे दुसरेही टोक गाठले जाते. व्यसनाच्या भीतीने मरणोन्मुख कर्करुग्णाला मॉर्फिन नाकारले जाते आणि त्याच्या किंकाळ्यांना ‘क्रूस वाहणे’ असे नाव दिले जाते. त्याला ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचा आधार नाही. पोप पायस बारावे यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलतज्ज्ञांसमोर बोलताना, असह्य वेदना शमविण्यासाठी अशी औषधे देणे, त्यामुळे आयुष्य काहीसे कमी होण्याचा संभव असला तरी, अन्य उपाय नसल्यास नैतिकदृष्ट्या योग्य असल्याचे स्पष्ट केले होते. आपल्या संसदेनेही २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून रुग्णालयांना मॉर्फिन मिळविण्याची वाट सुलभ केली. तेव्हा आजारी आईची मॉर्फिनची गोळी बंद करून कोणी व्यसनमुक्तीचे समाधान मिळवू नये.

आता मुक्तीच्या वाटेविषयी. कुटुंबांची समजूत अशी असते की रुग्णाला आठ-दहा दिवस कोठे तरी ठेवले, शरीरातील विष निघाले, की माणूस बरा झाला. हे दहा दिवस म्हणजे केवळ उंबरठा असतो. या काळात वैद्यकीय देखरेख हवीच. विशेषतः ट्रॅमॅडॉल मोठ्या प्रमाणात घेणाऱ्यांना झटके येऊ शकतात, म्हणून घरच्या घरी खोलीला कडी लावून केलेले उपचार घातक ठरू शकतात. त्रास ओसरल्यावर खरे काम सुरू होते: समुपदेशन, मूळ दुखण्यावर अन्य उपचार, सोबतची उदासीनता किंवा चिंता यांवर इलाज, दिनचर्या बसविणे, कुटुंबाची बैठक, आणि नंतर महिनोन् महिने चालणारा पाठपुरावा. आपल्याकडे ही परंपरा नवी नाही. फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आश्रयाने कृपा फाउंडेशन उभे केले. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बारा पायऱ्या आणि बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडून घेतलेला योग यांची सांगड तेथे घातली गेली. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करीत आहे.

या बाबतीत एका गोष्टीवर मला स्पष्ट बोलावेसे वाटते. अफूवर्गीय व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही औषधे दीर्घकाळ, कधी वर्षानुवर्षे दिली जातात. ती टर्की आणि ओढ थोपवितात. नशा चढू न देता माणसाला कामावर जाण्याइतके स्थिर ठेवतात. ‘एक व्यसन सोडून दुसरे धरले’ असा आक्षेप घरचे घेतात, कधी व्यसनमुक्तीच्या गटांतील मंडळीही घेतात आणि रुग्णाला ही औषधे टाकून ‘पूर्ण शुद्ध’ होण्याचा आग्रह धरतात. हा आग्रह जीवघेणा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ पासून ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत ठेवली आहेत, आणि ती सुरू असताना मृत्यूचे प्रमाण साधारण निम्म्यावर येते, असे अनेक देशांतील अनुभव सांगतो. मधुमेह्याच्या इन्सुलिनला आपण व्यसन म्हणत नाही.

सर्वांत धोक्याचा काळ कोणता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तो आहे केंद्रातून घरी परतल्यानंतरचे पहिले चार आठवडे. शरीराचा जुना सराव आता गेलेला असतो. एखाद्या वाईट संध्याकाळी माणूस पूर्वीइतक्याच गोळ्या घेतो. ते प्रमाण पूर्वी त्याला पुरत नव्हते, आज मात्र तेच मेंदूतील श्वासाचे केंद्र बंद पाडते, सोबत दारू किंवा झोपेची गोळी असेल तर अधिकच लवकर. अशा वेळी घोरल्यासारखा अडखळता श्वास, निळसर ओठ आणि हाक मारूनही जागे न होणे ही लक्षणे दिसली, तर ‘झोपू द्या त्याला’ न म्हणता तत्काळ १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयात नालोक्सोन हे उतारा औषध असते. पुन्हा घसरण झाली म्हणजे उपचार वाया गेले असेही नव्हे. रक्तदाबाच्या रुग्णाचा दाब पुन्हा वाढला तर आपण डॉक्टर सोडत नाही.

घरात पाहण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. कंबरेच्या किंवा गुडघ्याच्या दुखण्यासाठी दिलेली गोळी किती दिवसांची होती आणि किती महिने चालली आहे? एकाच दुखण्यासाठी दोन डॉक्टर आणि तीन केमिस्ट कशाला? मार्च २०१४ पासून ट्रॅमॅडॉलसारखी औषधे ‘एच-१’ सूचीत आहेत. विक्रेत्याने रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपायची असते. चिठ्ठीविना पट्टी हातावर ठेवणारा ओळखीचा दुकानदार मदत करीत नाही, कायदा मोडीत असतो. उरलेल्या गोळ्या ‘लागतील कधी’ म्हणून कपाटात ठेवू नयेत; घरातील तरुण मुलांना त्या तेथेच सापडतात.

पोलिसांच्या भीतीने अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे गप्प राहतात. त्यांच्या माहितीसाठी: एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, स्वतःच्या सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातील द्रव्याच्या गुन्ह्यात सापडलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने शासनमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण आहे, उपचार अर्धवट सोडल्यास मात्र ते काढून घेता येते. केंद्र शासनाच्या व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा निःशुल्क क्रमांक १४४४६ असा आहे. रुग्ण स्वतः तयार नसला, तरी घरच्यांनी त्यावर आधी बोलून घेण्यास हरकत नाही.