माणसांची पुरवणी मागणी सभागृहात मांडा!

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि पलीकडच्या चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्यातल्या बंधू-भगिनींनो,

परवा बेळगावातल्या एका व्याख्यानात वक्त्यांनी ठणकावून सांगितलं, की १९९० साली श्रीलंकेतून फौज परत आणणं हा भेकडपणा होता. आणखी दोन डिव्हिजन धाडल्या असत्या तर काम फत्ते झालं असतं आणि तिथं पडलेल्या जवानांचं बलिदान वाया गेलं नसतं. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत त्याच लढाईत नवरा गमावलेली एक बाई बसली होती. आणखी किती जणी तुमच्या शेजारी बसायला हव्या होत्या, हे तिला कुणी विचारलं नाही.

वक्त्यांचं नाव लिहून कागद वाया घालवत नाही. बोलणारे ते एकटे नाहीत. टीव्हीवर रोज संध्याकाळी असे पाच-सहा सरसेनापती खुर्चीत बसून फौजा हलवत असतात.

परमुलखातल्या लढाईत पोरगं गेल्यावर घराचं काय होतं, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, आपलं मराठा सेंटर, बेळगावातच आहे. सैनिक टाकळी निपाणीपासून लांब नाही. पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावलेलं आपशिंगे साताऱ्यात आहे. तेव्हा दुःखाबद्दल इथं लिहीत नाही. लिहायचं आहे ते एका रीतीबद्दल: फौज हप्त्याहप्त्याने वाढवत नेण्याची, आणि प्रत्येक हप्ता बंद खोलीत मंजूर करण्याची रीत.

ती चालते कशी ते पाहा. पहिली तुकडी जाते ती छोट्या कामासाठी: एक बंदर राखायचं, शस्त्रं जमा करून घ्यायची. ती अडकते. मग तिला सोडवायला दुसरी जाते. दुसरीतले मरतात. मग मेलेल्यांचं बलिदान वाया जाऊ नये म्हणून तिसरी. खोलीत दर बैठकीला प्रश्न एकच: आणखी किती? कशासाठी, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत दारातल्या चपलांबरोबर बाहेर राहिलेला असतो.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. बोअर तीनशे फुटांवर कोरडी गेली. गाडीवाला म्हणतो, एवढे पैसे घातलेत, आता थांबलात तर सगळं मातीत. आणखी शंभर फूट घ्या. गाडीवाल्याला दर फुटाचे पैसे मिळतात. चारशेवर तो तेच म्हणतो, पाचशेवरही तेच. शहाणा माणूस तीनशेवर थांबतो आणि घरच्यांच्या शिव्या खातो. अडाणी माणूस जमीन गहाण टाकतो. दिल्लीत, लंडनमध्ये, वॉशिंग्टनमध्ये मात्र हा दुसरा माणूस मुत्सद्दी ठरतो.

आता आपलाच इतिहास घ्या. नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदी फौज मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, बसऱ्याला पोचली ती इराणच्या आखातातलं तेल राखायला. काम झालं. मग तेल नीट राखायचं तर कुर्ना हवं म्हणून कुर्ना घेतलं. मग अमारा, मग नासिरिया, मग सप्टेंबर १९१५ मध्ये कूत. दर मुक्कामाला पुढचा मुक्काम 'सुरक्षेसाठी आवश्यक' होत गेला. पुढं जाणारी होती सहावी पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठ्यांच्या पलटणी. सिमल्याहून हुकूम सोडणारे सरसेनापती त्या मुलखात एकदाही गेले नाहीत. लंडनचं मंत्रिमंडळ गॅलिपोलीत नाक कापून घेऊन बसलं होतं. त्याला कुठून तरी एक विजयाची बातमी हवी होती. २३ ऑक्टोबर १९१५ ला तार सुटली: फौज पुरेशी वाटत असेल तर बगदादवर चाला. 'वाटत असेल तर' हे शब्द कशासाठी, ते कचेरीत चार दिवस काढलेला कारकूनही सांगेल. उद्या फसलं तर वाटणारा अडकतो, विचारणारा सुटतो.

बगदादच्या वाटेवर टेसिफोनला साडेचार हजारांवर माणूस मेला किंवा जखमी झाला. जखमींना बिनस्प्रिंगच्या गाड्यांवर टाकून मागं आणलं. उरलेली फौज कूतमध्ये कोंडली गेली, तेरा हजारांच्या आसपास. आणि मग त्यांना सोडवण्यासाठी जानेवारी ते एप्रिल १९१६ मध्ये जी कुमक झुंजली, तिची मेलेली-जखमी माणसं किती? सुमारे तेवीस हजार! तेरा हजारांना वाचवायला तेवीस हजार खर्ची घातले, आणि २९ एप्रिलला त्या तेरा हजारांनी शरणागती पत्करलीच. कैदेत चालून, उपासमारीने, रोगाने हजारो मेले. त्यांच्या सेनापतीची कैद इस्तंबूलजवळच्या बेटावर मजेत गेली.

त्याच मुलखातल्या शर्कतच्या लढाईची कथा तर आपण अभिमानाने सांगतो. सांगावीच. बेळगावच्या मराठा सेंटरात शर्कतचं स्मारक आहे, ११४ व्या मराठा पलटणीने तिथं २८ शौर्यपदकं मिळवली. पण तारीखही सांगा. लढाई १९१८ च्या ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवसांतली. तुर्कस्तानशी युद्धबंदीच्या करारावर सही झाली ३० ऑक्टोबरला. वाटाघाटी चालू असताना, शस्त्रं खाली ठेवण्याआधी मोसूलच्या दिशेने जेवढी जमीन मिळेल तेवढी घ्यायची, हा हिशेब होता, कारण त्या जमिनीखाली तेल होतं. शौर्य आपल्या पोरांचं, हिशेब दुसऱ्यांचा. दगडावर शौर्य कोरलं जातं. हिशेब फायलीत राहतो.

'तो परका राजा होता हो!' कबूल. मग स्वराज्याचं पाहू.

२९ जुलै १९८७ ला कोलंबोत करार झाला आणि दुसऱ्या दिवशी फौज विमानाने जाफन्यात उतरू लागली. एक डिव्हिजन, तीही पुरती भरलेली नाही. काम शांती राखण्याचं, तमिळ गटांची शस्त्रं जमा करून घेण्याचं. ऑक्टोबरात त्याच गटांतल्या सर्वांत कडव्या गटाशी युद्ध सुरू झालं. हे थोड्या दिवसांचं काम, असं वरपर्यंत सांगितलं गेलं होतं. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात शीख लाइट इन्फंट्रीचे तीस जवान हेलिकॉप्टरने उतरवले. एकोणतीस मेले, एक पकडला गेला. त्यानंतर कुणी थांबून विचारलं का, की आपण शस्त्रं गोळा करायला आलो होतो ना? एकाच्या चार डिव्हिजन झाल्या. आकडा सत्तर हजारांच्या पुढं गेला. ज्या देशाच्या सरकारने बोलावलं, त्याच देशाच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी १९८९ मध्ये चालते व्हा म्हणून सांगितलं, आणि आपल्या फौजेशी लढणाऱ्यांनाच शस्त्रं पुरवली. २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी निघाली. सुमारे बाराशे जवान मेले, तीन हजारांवर जखमी झाले. मद्रासच्या बंदरात उतरलेल्यांच्या स्वागताला तिथले मुख्यमंत्री फिरकले नाहीत.

आता एक तुलना ऐका, आणि रागावू नका. मेसोपोटेमियाच्या फजितीनंतर त्या परक्या साम्राज्याने ऑगस्ट १९१६ मध्ये चौकशी आयोग नेमला. युद्ध चालू असताना, जून १९१७ मध्ये त्याचा अहवाल छापून लोकांपुढं ठेवला. कुणी काय तार केली, कुणी काय लपवलं, जखमींचे हाल कसे झाले, सगळं. भारतमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. आपल्या प्रजासत्ताकाने श्रीलंकेबद्दल असा कोणता अहवाल तुमच्या हातात ठेवला? बाराशे घरांना तार गेली, पेन्शन गेली. उत्तर गेलं नाही.

आणि मग एखादा विद्वान विचारतो, पंतप्रधानांनी का चावडीवर बैठक घ्यायची? युद्धाची गुपितं असतात! असतात. हल्ला कुठून, किती वाजता, ही गुपितं. युद्ध कशासाठी आणि कुठवर, हे गुपित कुणापासून? जाफन्यातल्या शत्रूला आपल्या डिव्हिजन मोजता येत होत्या. मोजता येत नव्हत्या त्या फक्त खानापुरातल्या आईला. ब्रिटनच्या पार्लमेंटने ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियावरच्या हल्ल्याचा ठराव २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला. ब्रिटन बुडालं नाही. जर्मनीत सशस्त्र फौज परदेशी पाठवायला संसदेची संमती लागते. तिथले सेनापती अजून कामावर जातात.

दुसरा म्हणतो, असं बोलल्याने जवानाचं मनोधैर्य खचतं. वा! परमुलखात उतरवून सुरुंगावर चालवलं तर खचत नाही, आणि त्याच्या जिवाची किंमत दिल्लीत मतदान करून ठरवा म्हटलं की खचतं!

तिसरा सर्वांत चीड आणणारा: 'पगार घेतात, स्वखुशीने भरती होतात.' होतात. देश राखायला होतात. दुसऱ्याच्या घरातली भांडणं बंदुकीने मिटवायला किती जण भरतीच्या रांगेत उभे राहतात, एकदा विचारून या. आणि आता तर अग्निपथात चार वर्षांच्या बोलीवर पोरं घेतात, पेन्शनही नाही. चार वर्षांसाठी घेतलेल्या माणसाला पाचव्या वर्षाचा विचार करून पाठवण्याची सवय कुणाला लागेल?

बंद खोली उलट निर्णयही घेऊ शकते. २००३ मध्ये इराकसाठी अमेरिकेने आपल्याकडे एक डिव्हिजन मागितली, सतरा हजारांच्या आसपास माणूस. जागा उत्तर इराक. म्हणजे मोसूल. म्हणजे शर्कतचीच वाट! संसदेने एप्रिलमध्येच त्या युद्धाची निंदा करणारा ठराव केला होता, विरोधी पक्षांशी बोलणं झालं, लोक बोलत राहिले, आणि १४ जुलैला मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीने नाही म्हटलं. पाचेक आठवड्यांनी, १९ ऑगस्टला, बगदादमधली संयुक्त राष्ट्रांची कचेरीच बॉम्बने उडाली. सीमाभागातल्या कित्येक घरांच्या भिंतीवर आज जो फोटो नाही, तो त्या 'नाही'मुळे नाही. याच्या उलट, व्हिएतनामच्या वेळी अमेरिकेत जुलै १९६५ मध्ये जॉर्ज बॉल नावाच्या परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्याने लेखी इशारा दिला होता, की एकदा आपली माणसं मरू लागली की मागं फिरणं अशक्य होईल. त्याचं ऐकून घेतलं आणि फौज वाढवली. अठ्ठावन्न हजार मेले आणि शेवटी मागं फिरलेच. सभागृहात संसद बोललेली असली तर खोलीतल्या शहाण्याला पाठबळ मिळतं. नसली तर त्याचा कागद काही वर्षांनी संशोधकाला सापडतो.

हे नशिबावर का सोडायचं? आपल्या राज्यघटनेत काय आहे पाहा. देशात आणीबाणी लावली तर एका महिन्यात संसदेची मंजुरी लागते. चार डिव्हिजन दुसऱ्याच्या देशात लढायला पाठवायला मात्र एका मताचीही गरज नाही. सरकारला मंजूर रकमेपेक्षा जादा रुपया खर्चायचा असेल तर पुरवणी मागणी सभागृहात मांडावी लागते, तिच्यावर मत घ्यावं लागतं. जादा माणसं खर्चायची असतील तर काहीच नाही. लोकांना न विचारता घेतलेल्या एका निर्णयाने माणसांचं काय होतं, हे १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? मराठी असो की कन्नड, या जिल्ह्यातल्या दोन्ही घरांतली पोरं एकाच ट्रकमधून जातात.

म्हणून मागणी एवढीच, आणि ती कायद्यानेच पुरी होईल. परदेशी युद्धात फौज पाठवायची तर संसदेत मतदान. फौज वाढवायची तर पुन्हा मतदान, दर वेळी, हेतू आणि मुदत लिहून. युद्ध संपल्यावर दोन वर्षांत छापील चौकशी अहवाल.

येत्या निवडणुकीत कोणताही उमेदवार मत मागायला दारात आला, झेंडा कुठलाही असो, तर त्याला हा एक प्रश्न विचारा: या कायद्याला तुम्ही मत देणार की नाही? तोंडी उत्तरावर चहा पाजू नका. लिहून घ्या, खाली सही घ्या, आणि तो कागद तालमीच्या, देवळाच्या नाहीतर पंचायतीच्या फलकावर लावा.