वेदी रिकामी, सुगीचे स्वप्न मात्र आशियात

नेदरलँड्सच्या ब्राबांट प्रांतातील व्ह्युख्त या गावात संत पीटरचे कॅथलिक चर्च १८८४ साली उभे राहिले. त्याच्या उंच कमानींखाली २०१८ पासून ग्रंथालय, संग्रहालय आणि उपाहारगृह नांदते आहे. पुस्तकांची कपाटे रुळांवर बसवलेली आहेत. कार्यक्रम असला की ती बाजूला सरकवून सभागृह मोकळे करतात. वास्तू पाडून दुकानांचा गाळा काढण्यापेक्षा तिथे ग्रंथ ठेवावेत, हे डच नागरिकांच्या सुसंस्कृतपणाचेच लक्षण होय. आर्नहेमच्या संत जोसेफ चर्चच्या वाट्याला तेवढेही भाग्य आले नाही. तिथे स्केटबोर्डचे उतार बसले.

या चर्चवर कोणी आक्रमण केले नव्हते, की कोणत्या सरकारने बंदी घातली नव्हती. पिढ्यानपिढ्या तिथे गुडघे टेकणारी माणसेच एक एक करून उठून गेली. देशातील दोन तृतीयांश कॅथलिक चर्च २०२५ पर्यंत बंद होतील किंवा विकली जातील, असा इशारा २०१३ मध्ये खुद्द डच कार्डिनल आइक यांनी दिला होता.

घर असे ओस पडत असताना चर्चचे धुरीण काय योजत होते? नोव्हेंबर १९९९ मध्ये, ऐन दिवाळीत, पोप जॉन पॉल दुसरे दिल्लीत आले. पहिल्या सहस्रकात क्रूस युरोपात रोवला गेला, दुसऱ्यात अमेरिका व आफ्रिकेत. तिसऱ्यात आशियात श्रद्धेचे मोठे पीक हाती येईल, अशी आशा त्यांनी व्यक्त केली. यजमानाच्या अंगणात दिवे उजळलेले असताना पाहुण्याने त्याच्याच शेतातील कापणीची भाषा करावी, हा कुठला शिष्टाचार? ज्या युरोपात क्रूस रोवल्याचा अभिमान बाळगला, तिथल्या चर्चमध्ये आज केरळातून गेलेले धर्मगुरू उपासना चालवतात. आपल्या श्रद्धेने चर्चमध्ये जाणाऱ्या भारतीय ख्रिस्ती बांधवाशी हा वाद नाहीच. वाद आहे तो दुसऱ्याच्या श्रद्धेला न पिकलेले रान समजणाऱ्या धोरणाशी.

मात्र व्ह्युख्तकडे पाहून टाळ्या पिटणाऱ्या हिंदू गृहस्थानेही गावाकडच्या ग्रामदेवतेच्या देवळात एकदा डोकावावे. मुले पुण्या-मुंबईला, वर्गणी पाकिटातून, आणि सांजवातीला एकटा म्हातारा गुरव. त्याच्या मुलानेही परवाच शहरात नोकरी धरली.