‘हरित’ घराचा हिशेब कोण ठेवणार?

मीरा-भाईंदरच्या वस्त्यांमध्ये मी काम करते. गेल्या उन्हाळ्यात पुनर्वसनाच्या एका इमारतीत बचतगटाची बैठक होती. दुपारी तीनला दिवा लावून बसलो होतो. पंखा चालू, तरी घामाच्या धारा. स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडणारी, त्यामुळे वासाला कंटाळून कायमची बंद केलेली. गच्चीवर सौर बंब होता, पण पाणी तिथवर चढतच नव्हतं. घरातली बाई म्हणाली, “ताई, झोपडीत दार उघडलं की वारा तरी यायचा.”

परवडणाऱ्या हरित घरांची चर्चा आता सरकार-दरबारी आणि बिल्डरांकडेही होते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतीला मूळ चटईक्षेत्राच्या ३, ५ किंवा ७ टक्के जादा चटईक्षेत्र मिळतं. म्हणजे बक्षीस बांधणाऱ्याला. पुढे बंब बिघडला, सांडपाण्याच्या यंत्राचं वीजबिल आलं, की वर्गणी राहणाऱ्यांनी काढायची. ती भरता आली नाही तर यंत्र बंद, आणि पाणी भरण्याचं काम पुन्हा बाईच्या डोक्यावर.

‘हरित म्हणजे महाग’ असं आम्हांला ऐकवलं जातं. सगळंच महाग नसतं. केंद्राच्या २०१८ च्या इको-निवास संहितेनुसार आपल्यासारख्या उष्ण-दमट हवेत बाहेर उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्र घराच्या क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के हवं. ३०० चौरस फुटांच्या घराला सुमारे ५० चौरस फूट. समोरासमोर खिडक्या, वर छज्जा, गच्चीला पांढरा रंग, यांना फार पैसा लागत नाही. फक्त नकाशा काढतानाच विचार करावा लागतो. भिंत उभी राहिल्यावर खिडकी हलवता येत नाही. म्हणून बायकांना चावी देण्याच्या दिवशी बोलावून उपयोग नाही.

आपल्या शहरात जनतानगर आणि काशीचर्च इथल्या झोपडपट्ट्यांसाठी केंद्राच्या बीएसयूपी योजनेतून चार हजारांवर घरांचा प्रकल्प हाती घेतला गेला. तो वर्षानुवर्षं रखडला. पक्क्या घराची वाट पाहण्यात मुलं मोठी झाली. याच योजनेत पुण्याच्या येरवड्यात वेगळा मार्ग निघाला. महिला मिलन, स्पार्क आणि वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई यांनी लोकांना वस्तीतून न हलवता, त्यांच्याशी बोलून, जागेवरच पक्की घरं बांधायचं ठरवलं. त्याच्याही आधी, १९८० च्या दशकात, भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी घराचे खऱ्या मापाचे नमुने उभे करून आपल्याला काय हवं ते दाखवलं होतं. नकाशातलं बायकांना काय कळतं, असं विचारणाऱ्यांना ही उदाहरणं जरूर सांगावीत.

माझं म्हणणं एवढंच, की प्रकल्पाचं व्यवस्थापन म्हणजे फक्त सिमेंट, ठेकेदार आणि मुदत नव्हे. मंजुरीपूर्वी घराचं खरं माप मैदानात चुन्याने आखून दाखवा. ओटा कुठे, खिडकी कुठे, कपडे कुठे वाळणार, हे तिथे उभं राहून बायकांना ठरवू द्या. दरमहा देखभाल किती येईल ते आधी लेखी सांगा आणि पहिल्या काही वर्षांच्या दुरुस्तीचा निधी प्रकल्पातूनच बाजूला काढा. घर नवरा-बायकोच्या नावावर होतं ते चांगलंच, पण सोसायटीच्या बैठकीला अजूनही नवराच जातो. पंप, टाकी आणि वर्गणीचा हिशेब बायकांच्या हातात आला पाहिजे.

मैत्रिणींनो, हिंसा, रेशन, दारू यांवर आपण अनेकदा मोर्चे काढले. इमारतीचा नकाशा मात्र आपण इंजिनियरचा प्रांत मानून सोडून दिला. तुमच्या वस्तीत पुनर्विकासाची नोटीस लागली असेल, तर पुढच्या बैठकीत नकाशा मागवून घ्या, जमिनीवर पसरा आणि पहिला प्रश्न विचारा : स्वयंपाकघराची खिडकी कुठे उघडते?