गोगलगाय नि पोटात भाला
नगर जिल्ह्याला समुद्र नाही, त्यामुळे मालवणला गेलेला नगरकर नक्षीदार शंख दिसला की आधी खिशात घालतो. आत शंकू-गोगलगाय जिवंत असली, तर ही हौस महागात पडेल. चालीने ती अगदी संथ. पण तिचा भाल्यासारखा पोकळ दात सोंडेतून सुटला की मासा जागीच लुळा पडतो. ‘कोनस जिओग्राफस’ तर माणसालाही मारते, आणि या विषावर उतारा नाही. गंमत म्हणजे तिच्याच कुळातल्या ‘कोनस मॅगस’च्या विषावरून झिकोनोटाइड हे औषध बेतलं गेलं, अमेरिकेत २००४ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. इतर औषधांना दाद न देणाऱ्या वेदनांवर ते थेट पाठीच्या कण्यातल्या द्रवात सोडतात. भारतीय किनाऱ्यावरच्या शंकू-गोगलगायींची विषं अभ्यासणाऱ्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे के. एस. कृष्णन होते.