दम्याचा विकार आणि दातांची मोठी शस्त्रक्रिया



अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढणे, एकाच बैठकीत अनेक दात काढणे किंवा इम्प्लांट बसविणे ही कामे आता सर्रास होतात. मात्र ज्यांना दमा आहे त्यांनी दंतवैद्याच्या खुर्चीवर बसण्यापूर्वी काही तयारी करणे अगत्याचे आहे. आपल्या समाजात ही तयारी दोन कारणांनी राहून जाते. एक म्हणजे दमा झाकून ठेवण्याची प्रवृत्ती. घरात विवाहयोग्य मुले असली की ती अधिकच बळावते. दुसरे म्हणजे व्रतकाळात पंप घ्यावा की नाही, हा संभ्रम.

प्रथम श्वासाचा हिशेब तपासावा. गेल्या महिन्यात तातडीचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा घ्यावा लागला असेल, किंवा खोकल्याने वा धापेने रात्री जाग येत असेल, तर दमा आटोक्यात नाही असे समजावे. अशा वेळी आधी छातीच्या डॉक्टरांकडे जावे आणि मग दातांची तारीख घ्यावी. आपल्या कोकणात पावसाळ्यात भिंतींना ओल आणि बुरशी येते. वखारीतील मिरची-मसाल्याची धूळ तर बारमाही असते. ज्यांचा त्रास पावसात वाढतो त्यांनी, दुखणे तातडीचे नसल्यास, हे काम चातुर्मासापूर्वी किंवा दिवाळीनंतर उरकावे. पर्युषणातील तपश्चर्येशीही मग त्याची गाठ पडत नाही.

दंतवैद्याला औषधांची संपूर्ण यादी लेखी द्यावी. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी तीव्र झटका येतो. पूर्वी असे घडले असेल किंवा नाकात मांस वाढलेले असेल तर आवर्जून सांगावे. थिओफिलीनयुक्त गोळी चालू असताना एरिथ्रोमायसीन वा सिप्रोफ्लॉक्सॅसिन घेतल्यास थिओफिलीनचे रक्तातील प्रमाण घातक पातळीपर्यंत वाढू शकते. बधिरतेच्या ज्या इंजेक्शनात ॲड्रेनलिन असते, त्यातील सल्फाइट हे संरक्षक द्रव्यही क्वचित कोणाला बाधते. गेल्या काही महिन्यांत स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील तर तेही सांगावे आणि चालू असलेल्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

आता नियमांविषयी. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर गुळण्या केल्या नाहीत तर तोंडात पांढरी बुरशी येते. चौविहार करणाऱ्यांना सूर्यास्तानंतर गुळण्या करता येत नाहीत, म्हणून काही जण गुळण्या टाळतात, तर काही जण पंपच टाळतात. दोन्ही अहितकारक आहे. डॉक्टरांच्या संमतीने संध्याकाळचा पंप सूर्यास्तापूर्वी घेऊन गुळण्या उरकता येतात आणि सकाळचा नवकारशीच्या वेळी घेता येतो. शस्त्रक्रियेनंतरच्या गोळ्यांची वेळही अशीच बसवून मिळते का, ते आधी विचारावे. पच्चक्खाणात आगारांची तरतूद आहे आणि तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषधाची मोकळीक देणारा आगारही त्यांत आहे. आपापल्या परंपरेतील गुरुमहाराजांना शस्त्रक्रियेपूर्वीच विचारून निःशंक व्हावे. झटका आल्यावर विचारायला वेळ नसतो.

आणखी एक बाब आपल्या घरांत महत्त्वाची आहे. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. रक्त थांबविण्यासाठी जखमेत ठेवला जाणारा स्पंज अनेकदा जिलेटिनचा, टाक्यांचा धागा कित्येकदा रेशमाचा, आणि इम्प्लांटसाठी वापरली जाणारी अस्थिभुकटी काही वेळा गायीच्या हाडापासून केलेली असते. गोळी, कृत्रिम धागा, कृत्रिम अस्थिद्रव्य असे पर्याय पुष्कळदा उपलब्ध असतात. मात्र ते मागवायला वेळ लागतो. तेव्हा पहिल्याच भेटीत विचारावे.

प्रत्यक्ष दिवशी नेहमीचा पंप चुकवू नये आणि तातडीचा पंप खिशात न ठेवता खुर्चीजवळ हाताशी ठेवावा. छातीत घरघर असेल किंवा सर्दी-ताप असेल तर तारीख पुढे ढकलावी. त्यात कमीपणा नाही. पूर्ण भूल द्यायची असल्यास ठराविक तास उपाशी राहावे लागते, तरी पंप घ्यायचा असतो. दमा तीव्र असेल तर ऑक्सिजन आणि भूलतज्ज्ञ उपलब्ध असलेले रुग्णालय निवडावे. त्यासाठी कोल्हापूर गाठावे लागले तर आंबा घाटाने सुमारे १३० किलोमीटरचा परतीचा प्रवास त्याच रात्री करू नये. तेथेच मुक्काम करावा. घरी आल्यावर मुगाच्या डाळीचे पाणी, मऊ भात, कोमट खिचडी असा आहार ठेवावा आणि जखम भरेपर्यंत दीर्घ तपाचा संकल्प पुढे न्यावा.

आपण जीवमात्रांविषयी जयणा पाळतो. स्वतःचा श्वासही त्याच जयणेचा अधिकारी आहे. ज्या घरात दमेकरी आहे, त्या घरातील सुनेने वा मुलाने आजच एका कागदावर औषधांची यादी करून ती पाकिटात ठेवावी, एवढी विनंती.