कुलर चालू असताना ऐकू येईल का?

तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडला काय किंवा अकोला-अमरावतीच्या दुसऱ्या कुठल्या गावाला काय, मार्च सरत आला की खिडक्यांना कुलर लागतात आणि मृग बरसेपर्यंत उतरत नाहीत. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला तेव्हा जिल्हा प्रशासनाला उन्हापायी कलम १४४ लावावं लागलं होतं. अशा मुलखात कुलर ही चैन म्हणता येत नाही. म्हणजे वर्षातले अडीच-तीन महिने घरातला टीव्ही कुलरच्या घरघरीवर मात करण्याची धडपड करत असतो. दुपारी उघड्या दारातून येणारा पांढरा उजेड थेट पडद्यावर आणि रात्री डोक्यावर ट्यूबलाइट, कारण त्याच खोलीत कुणी जेवत असतं, कुणी अभ्यास करत असतं. ज्या वेबमालिकांचं समीक्षकांकडून भरभरून कौतुक होतं, त्यांतल्या बऱ्याचशा या खोलीत धड दिसत नाहीत आणि ऐकू तर त्याहून येत नाहीत. पात्रं ओठांतल्या ओठांत पुटपुटतात. पोलीस ठाणं असो, वाडा असो की दवाखाना, सगळीकडे बारा महिने तिन्हीसांज. पाहणाऱ्यांपैकी एकाच्या हाती कायम रिमोट: कुजबुज आली की आवाज वर, लगेच मागून संगीत आदळलं की खाली. या तक्रारीचं खापर सहसा म्हाताऱ्या कानांवर नाहीतर स्वस्त टीव्हीवर फुटतं. माझ्या मते दोष कारागिरीचा आहे. मालिका जिथे पाहिली जाणार ती खोली बनवणाऱ्यांनी हिशेबातच धरलेली नाही.

चित्राचा शेवटचा हात कुठे फिरतो ते आधी पाहू. रंग-उजेड ठरवण्याचं काम अंधाऱ्या, करड्या भिंतींच्या खोलीत, काटेकोर जुळवलेल्या पडद्यावर होतं. साध्या टीव्हीसाठी त्या पडद्याची कमाल प्रखरता दर चौरस मीटरला १०० कँडेला धरतात, चित्रपटगृहात तर ती ४८ च्याच आसपास असते. आकडे लहान वाटतात, पण काळोख्या खोलीत डोळा सरावतो आणि काळ्यातले दहा काळे वेगळे ओळखतो. हिवरखेडच्या दुपारी खोलीतलाच उजेड काचेवरून परत येतो, त्या दहा काळ्यांचा एकच करडा पट्टा होतो आणि पाहणाऱ्याला कथेऐवजी स्वतःचं प्रतिबिंब दिसतं. त्यात वीजबचतीची सोय कंपनीकडूनच सुरू होऊन आलेली असली तर पडदा आणखी मंद. शिवाय चित्र आपल्यापर्यंत येतं ते दाबून, लहान करून. कमी डेटा घेणारं मोबाइल प्रक्षेपण असो की केबल, दाबताना पहिला बळी गडद छटांचा जातो. सावलीच्या जागी चौकोनी ठिगळं हलताना दिसतात. दिग्दर्शकाने योजलेला अंधार घरी पोहोचेपर्यंत अंधारही राहिलेला नसतो, बिघाड झालेला असतो.

आवाजाची गत याहून वाईट. मिश्रण होतं ते पाच-सहा स्पीकर असलेल्या, बाहेरचा टाचणीइतकाही आवाज आत न येणाऱ्या स्टुडिओत. तिथे संवादाला समोर मधोमध स्वतंत्र स्पीकर असतो. घरातला टीव्ही जसजसा चपटा होत गेला तसे त्याचे स्पीकर आक्रसले आणि बहुतेक संचांत तोंड खाली किंवा मागे भिंतीकडे करून बसले. त्या दोन इवल्या स्पीकरांतून संवाद, पार्श्वसंगीत, पाऊस आणि गाड्या सगळंच एकत्र बाहेर पडतं. मग मध्ये येतो कुलर. त्याचा आवाज एका पट्टीतला नसतो, तो सगळ्या पट्ट्यांवर पसरलेला असतो. बोलण्यातले स्वर ठसठशीत असतात, ते त्यातूनही तगतात. त, थ, स, श, च, फ ही कमी ताकदीची व्यंजनं त्याखाली गाडली जातात. वयानुसार कानाला आधी सोडून जातात तेही हेच उंच पट्टीतले आवाज. म्हणून आजोबा ‘आवाज येतो, पण बोलणं कळत नाही’ म्हणतात ते शब्दशः खरं असतं. आवाज वाढवून उपयोग नसतो, कारण स्वर आणि संगीत तेवढं आणखी मोठं होतं.

यात मराठीचं म्हणून एक जास्तीचं दुखणं आहे, आणि त्याची चर्चा फारशी झालेली नाही. आपल्या वाक्याचं मर्म शेवटी असतं. क्रियापद शेवटी, काळ शेवटी, बोलणारी बाई की पुरुष हेही शेवटी, आणि नकार तर अगदी टोकाला. ‘त्या रात्री मी वाड्यावर गेलो होतो’ आणि ‘त्या रात्री मी वाड्यावर गेलो नव्हतो’ या दोन वाक्यांत एक माणूस फासावर जातो आणि एक सुटतो. फरक आहे शेवटच्या शब्दात. इंग्रजीत नकार मुख्य क्रियापदाच्या आधीच येऊन जातो. तिथला नट वाक्याच्या शेवटी श्वास सोडत आवाज पाडतो तेव्हा त्याचं थोडं नुकसान होतं. तीच लकब आपल्या नटांनी उचलली की नुकसान जवळजवळ पूर्ण होतं. मराठी रंगभूमीच्या तालमीत वाक्याचा शेवट गिळू नका असं बजावतात त्यामागे निव्वळ जुन्या वळणाचा हट्ट नाही, भाषेची ठेवण आहे. रहस्यकथा सांगणाऱ्याने तर ‘नव्हतो’ कुलरच्या स्वाधीन करणं म्हणजे स्वतःचीच गोष्ट वाया घालवणं.

तक्रार जगभर आहे. बीबीसीने २०१४ च्या एप्रिलमध्ये ‘जमैका इन’ ही मालिका दाखवली तेव्हा पुटपुटलेल्या संवादांबद्दल दोन हजारांहून अधिक तक्रारी आल्या. २०१७ मध्ये ‘एसएस-जीबी’च्या वेळी पुन्हा तेच झालं आणि विषय तिथल्या उमरावांच्या सभागृहापर्यंत गेला. २०१९ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधल्या रात्रीच्या लढाईचा भाग लोकांना दिसलाच नाही. त्याचे छायालेखक फॅबियन वॅगनर यांचं उत्तर असं होतं की अनेकांना आपला टीव्ही नीट जुळवता येत नाही. आपल्याकडेही हाच सूर लागतो: सेटिंग बदला, साउंडबार घ्या, खोलीत अंधार करा. यात थोडं तथ्य आहे. वीजबचतीची सोय बंद केली तर चित्र उजळतं, हे कुणीही करून पाहावं. पण सल्ला देणाऱ्याने एवढं सांगावं की एका मालिकेसाठी घरातल्या चौघांनी जेवण, अभ्यास आणि कुलर थांबवायचा का? कोट्यवधी घरांसाठी काम करणाऱ्याने कोट्यवधी घरं बदलण्यापेक्षा आपलं एक मिश्रण बदलणं सोपं, आणि पगार त्याला त्याचाच मिळतो.

याहून वजनदार आक्षेप वास्तवतेचा आहे. खरी माणसं कुठे खणखणीत बोलतात, नाटकी उच्चारांपासून सुटायला आम्हाला इतकी वर्षं लागली, आता परत तिथेच न्यायचं का, असा तो आक्षेप. सुटका चांगलीच झाली, पण स्पष्ट आणि नाटकी यांची गल्लत करू नये. जब्बार पटेल यांच्या ‘सामना’मधले निळू फुले आठवा. आवाज खालच्या पट्टीत, सावकाश, कधी नुसता श्वास वाटावा इतका दबका. त्यातूनच तो साखरसम्राट भीती घालतो. तरी एक अक्षर हरवत नाही. त्यांच्यासमोर डॉ. श्रीराम लागू होते, जे पूर्णवेळ अभिनयात येण्याआधी कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. त्यांच्या दारुड्या मास्तरचं अडखळणं खरं वाटतं आणि ऐकूही येतं. खऱ्या आयुष्यात माणूस पुटपुटला तर आपण ‘काय म्हटलं?’ विचारू शकतो, त्याच्या जवळ सरकू शकतो. पडद्यापुढे ती मुभा नसते, म्हणून ती उणीव भरून काढणं हाच तर अभिनयाचा आणि ध्वनिलेखनाचा उद्योग आहे.

वऱ्हाडाला हे कुणी शिकवायची गरज नाही. शेंडगावच्या गाडगेबाबांचं ८ नोव्हेंबर १९५६ चं वांद्र्याच्या पोलीस ठाण्यातलं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. ऐंशीच्या घरातला थकलेला आवाज, ठेठ वऱ्हाडी बोली, समोर गर्दी आणि त्या काळची यंत्रं. तरीही बाबांचा प्रश्न कळतो आणि लोकांचं उत्तरही कळतं. बाबा प्रश्न विचारून लोकांकडून उत्तर वदवून घेत, म्हणजे बोलणं पोहोचलं की नाही याची खातरजमा जागच्या जागी होत असे. बोलीमुळे संवाद समजत नाहीत, ही सबब तर मुळीच टिकत नाही. ‘चला हवा येऊ द्या’मधली भारत गणेशपुरेंची वऱ्हाडी कोल्हापुरात कळली, ‘सैराट’ची करमाळ्याकडची बोली हिवरखेडला कळली, ‘रात्रीस खेळ चाले’ने मालवणी हेल विदर्भात पोहोचवला. एखादा शब्द अडला असेल, पण ऐकू आलेला अनोळखी शब्द प्रेक्षक संदर्भाने लावून घेतो. ऐकूच न आलेला शब्द कसा लावणार?

अंधाराच्या बाजूने बोलणाऱ्यांना मी अर्ध्याहून अधिक गुण देईन. रात्र रात्रीसारखी दिसावी ही मागणी रास्त आहे, आणि ट्यूबलाइटच्या प्रकाशात वावरणारं भूत कुणालाच नको. पण मराठी पडद्याला सावलीचं वावडं कधीच नव्हतं. प्रभातच्या ‘माणूस’मध्ये, १९३९ साली, शांतारामबापूंनी रात्रीच्या रस्त्यांतून आणि भिंतींवरच्या सावल्यांतून मन दाखवलं, त्याआधीच्या १९३७ च्या ‘कुंकू’त पार्श्वसंगीत टाळून घरातल्या नैसर्गिक आवाजांवर काम भागवलं, म्हणजे संवादाच्या वाटेत कुणी उभंच राहिलं नाही. त्या सावल्या वाचता येतात कारण काळ्याच्या शेजारी पांढरं असतं, आणि काही नसलं तरी डोळे दिसतात. आजच्या पुष्कळ अंधारात सावलीच नसते; सगळं सारखंच मळकट, निळसर, नाहीतर शेवाळी. सिंधुदुर्गातल्या आकेरीला चित्रित झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’त रात्र भरपूर होती, पण अण्णा नाईकांचा चेहरा शोधावा लागला नाही. ती मालिका केबलवरच्या साध्या टीव्हीसाठी बनली होती, आणि बनवणाऱ्यांना ते ठाऊक होतं.

आता कुणी म्हणेल, मग रोजच्या मालिका बघा, तिथे तर लख्ख उजेड आहे. आहे खरा, मध्यरात्रीही स्वयंपाकघरात लग्नाच्या मांडवाइतका. आणि संवाद हुकला तरी हरकत नाही, तोच पुढच्या आठवड्यात तीन वेळा येणार असतो. पण तिथेही प्रत्येक वाक्याखाली संगीताचा गजर चालू असतो आणि चेहऱ्यांवरच्या प्रत्येक धक्क्याला ढोल बडवले जातात, म्हणजे कानाची सुटका नाहीच. लखलखाट आणि मळकट अंधार या दोन्हींत खोलीचा विचार नसणं सारखंच आहे.

राहता राहिली तळओळींची, म्हणजे सबटायटल्सची वाट. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी त्या हक्काच्या आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०१९ मध्ये टीव्हीसाठी सुलभतेची मानकं काढली ती यासाठीच. तळओळींचा आणखी एक फायदा आहे. अहमदाबादच्या आयआयएममध्ये काम केलेले ब्रिज कोठारी १९९६ पासून मांडत आले आहेत की गाण्याखाली त्याच भाषेतल्या ओळी दाखवल्या तर वाचनाचा सराव होतो. पण मराठी मालिकेखाली ओळी असतात त्या बहुधा इंग्रजीत, जिथे मराठीची गरज आहे. आणि मराठीत आल्या तरी त्यांनी संवादाचं काम करावं ही अपेक्षा चुकीची ठरते. नटाचे डोळे पाहायचे तेव्हा प्रेक्षक पडद्याचा तळ वाचत असेल, तर मघाशी ज्या बारीक अभिनयासाठी पुटपुटण्याची मुभा मागितली तोच वाया गेला.

उपाय महाग नाहीत. चांगले ध्वनिमिश्रक पूर्वी शेवटची फेरी साध्या लहान स्पीकरवर ऐकत, आजही काही ऐकतात. ती फेरी सक्तीची करावी आणि खोलीत एक कुलर चालू ठेवावा. प्रवाही मंचांनी संवाद वर उचललेली दुसरी ध्वनिपट्टी द्यावी. अॅमेझॉनने २०२३ मध्ये काही इंग्रजी मालिकांसाठी अशी सोय सुरू केली, म्हणजे तंत्र हाताशी आहे, मराठीसाठी ते वापरायचं कुणाच्या मनात नाही. तक्रारीचा दरवाजा मात्र अजून अर्धवटच उघडा आहे. केबल नियमांत जाहिरातींचा आवाज अतिरेकी मोठा नसावा असं कलम १९९४ पासून आहे. संवाद अतिरेकी लहान नसावा असं कुणाला सुचलं नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी प्रत्येक मंचाला तक्रार अधिकारी नेमायला लावला आणि पंधरा दिवसांत निकाल द्यायला सांगितलं, पण तक्रारी गृहीत धरल्या त्या अश्लीलतेच्या, हिंसेच्या, वयाच्या शिक्क्यांच्या. त्याच नियमांच्या आचारसंहितेत दिव्यांगांसाठी कार्यक्रम शक्य तितके सुलभ करण्याचे प्रयत्न करावेत असं एक वाक्य आहे. कान मंदावलेल्या माणसांची संख्या पाहता संवाद ऐकू येणं याच वाक्यात बसतं. हिवरखेडहून पहिली तक्रार याच कलमाखाली जावी, मालिकेचं नाव, भाग आणि मिनिट लिहून, आणि अधिकाऱ्याने त्या मिनिटाचं मिश्रण टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर ऐकून उत्तर द्यावं.