फाटकावरचा इंग्रजी कागद

ल कॉर्बुझिए यांनी आखलेल्या चंदीगडात कुंपणाची भिंत किती उंच असावी आणि दर्शनी खिडकी कोठे असावी, इथपर्यंत सरकारचा हात पोचतो, आणि तो रहिवाशाला पहिल्यांदा दिसतो तो बहुधा फाटकावर डकवलेल्या इंग्रजी कागदाच्या रूपाने. १९५२ च्या राजधानी विकास कायद्याच्या कलम ८-अ अन्वये, अटींचा भंग झाल्यास मिळकत सरकारजमा का करू नये, याचा खुलासा मागणारी लेखी नोटीस आधी बजावावी लागते व रहिवाशाचे म्हणणे ऐकावे लागते. शिवाय मिळकत परत घेणे हा अखेरचाच उपाय होय, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने तेरी ओट इस्टेट्स खटल्यात घालून दिला आहे. परंतु बाजारात पंजाबी-हिंदी चालणाऱ्या या शहराची राजभाषा इंग्रजी असल्यामुळे, ‘रिझम्प्शन’ या एका शब्दात आपले घर जाण्याचे भय दडले आहे, हे एखाद्या वृद्ध पेन्शनराला वकिलाकडे खेटे घातल्यावाचून उमगावे कसे? (पूर्वीचा दवंडीवाला निदान गावच्या बोलीत ओरडे!) नियम कडक असावेत याविषयी आमचे दुमत नाही; शहराच्या पहिल्या टप्प्यातील सेक्टरांत घरांची मजलेवार फ्लॅटांत विभागणी करण्यास सर्वोच्च न्यायालयाच्या १० जानेवारी २०२३ च्या निकालाने केलेली मनाई आम्हांस योग्यच वाटते. मात्र प्रशासनाने प्रत्येक नोटिशीच्या पाठीवर तोच मजकूर पंजाबीत व हिंदीत छापावा, आणि खुलाशाच्या मुदतीची तारीख अंकांबरोबर अक्षरांतही लिहावी.